तुटकीची पंचवीस पावलं

आमच्या गाड्या चार्ज व्हायला तीन-चार तास लागतात. दुपारची टूर संपली की शेडमध्ये आठ गाड्या ओळीने भिंतीला टेकून उभ्या करायच्या, वायरी लावायच्या आणि चहा घेत बसायचं. त्या वेळेत दुसरं काही करण्यासारखं नसतं, म्हणून किस्से निघतात. एकाने काढला की दुसऱ्याला आठवतो. जी टूर सुरळीत झाली तिची आठवण कुणीच काढत नाही. निघतात ते सगळे घाबरल्याचेच किस्से. त्यातला माझा एक मी अजून शेडमध्ये सांगितलेला नाही.

आम्ही म्हणजे तिघं. बाळूदादा हे मुख्य गाइड, पन्नाशीचे, आधी ट्रॅक्टर चालवायचे. रोशन हा मेकॅनिक. आणि मी ज्योती, दुसरी गाइड. शहापूरहून मुरबाडकडे येताना आत वळलं की डोंगराच्या कुशीत आमचं रिसॉर्ट आहे, खाली धरणाचं पाणी. तिथे आम्ही सेगवेवरून रानातली टूर देतो. दोन चाकं, मध्ये उभं राहायची फळी, धरायला एक दांडा. पुढे वाकलं की गाडी पळते, मागे रेललं की थांबते. ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. सगळा कारभार आपल्या अंगाच्या भाराचा, आणि अंग घाबरलं की कुणाचं ऐकत नाही.

* * *

हे खूळ मालकांनी परदेशातून आणलं. भूमध्य समुद्राच्या काठाला कुठेतरी ते सुट्टीला गेले होते. तिथे गाइडबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने, खडकांतून अशी टूर त्यांनी केली, आणि येताना डोक्यात किडा घेऊन आले. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्हाला व्हिडिओ दाखवला. निळंशार पाणी, काठावर उंच कडा आणि कड्यावरून हसत चाललेली गोरी मंडळी. पुढे त्यांची गाइड, चड्डी घातलेली पोरगी, मागे वळून वळून बोलतेय.

मालक म्हणाले, "बघा, मशीनवर विश्वास टाकायचा. तुमच्या मनात काय आहे ते तिला बरोबर कळतं."

बाळूदादा म्हणाले, "तेच कळायला नको, सर."

मग त्यांची पाळी आली. खळ्याशेजारच्या मोकळ्या शेतात, भाताच्या खुंटांवर गाडी उभी केली. दादा चढले आणि पायाने चाचपायला लागले. "ब्रेक कुठाय?"

"ब्रेक नाही. मागे रेला."

तेवढ्यात गाडी जराशी पुढे सरकली आणि दादा मागे रेलले, पण असे की जणू ट्रॅक्टरचा ब्रेक दाबतायत. गाडी थांबली, मग उलटी निघाली. ती उलटी निघाली म्हणून दादा आणखी घाबरले, घाबरले म्हणून आणखी मागे रेलले. अख्खं शेत त्यांनी आमच्याकडे तोंड करून उलटं पार केलं. आम्ही ओरडतोय, "पुढे वाका!" आणि ते तिकडून ओरडतायत, "थांबवा हिला!" शेवटी पेंढ्याच्या उडवीत गेले आणि आत दिसेनासे झाले.

आम्ही पळत पोचलो. उडवीतून आवाज आला, "ज्योते, मी जिता हाय का बघ गो."

हा माणूस आज आमचा मुख्य गाइड आहे.

* * *

मालकांना त्यांच्या व्हिडिओतल्यासारखा कडा हवा होता. तो सापडला. आमच्याकडे त्याला तुटकी म्हणतात. डोंगराची कड एका पावसाळ्यात तुटून खाली गेली, तिथे जी वाट उरली ती तुटकी. डावीकडे मातीची भिंत, उजवीकडे काही नाही. एकदम खाली, बऱ्याच खाली, पाणी. रुंदी म्हणाल तर एक गाडी जाईल आणि वर हातभर जागा उरेल. लांबी पंचवीस पावलं. मी मोजली आहेत.

पहिल्यांदा तिथे गाडी नेली तेव्हा तळपाय घामाने बुटात सरकायला लागले. बाळूदादांची पाठ पुढे होती, त्या पाठीवर नजर चिकटवून मी पलीकडे गेले. पलीकडे गेल्यावर दादांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"मस्त," मी म्हटलं.

खोटं का बोलले ते सांगते. याआधी मी वाशिंदला कारखान्यात पॅकिंगला होते. पहाटे घर सोडायचं, अंधार पडल्यावर घरात पाय टाकायचा. माझी मुलगी मला रविवारची आई म्हणायची. आता नोकरी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, मुलगी शाळेतून आली की मी घरी असते. पण कड्याला भिणारी गाइड कोण ठेवेल? म्हणून मी ठरवलं, भीती आपल्याजवळ ठेवायची. रोज दोनदा तुटकी, जाताना आणि येताना. दीड वर्षात ती तसूभर कमी झाली नाही. उलट वाढली, कारण आता मला वाटेतला एकूण एक दगड पाठ झाला होता.

* * *

तुटकीच्या अलीकडे गावदेवीचं देऊळ लागतं. छोटंसं, पत्र्याचं, समोर दोन पायऱ्या. आपल्याकडे वाटेत देऊळ लागलं की माणूस काय करतो? चालता चालता हात जोडतो आणि कंबरेतून वाकतो. ट्रेनिंगच्या व्हिडिओत हे नव्हतं. त्या किनाऱ्यावर वाटेत देवच लागत नसावेत.

डोंबिवलीचे एक काका, रिटायर्ड, सोबत काकू. काकांचा हात छान बसला होता. देऊळ दिसलं. काकांनी दांडा सोडला, दोन्ही हात जोडले आणि मनोभावे खाली वाकले.

गाडीला काय, पुढे वाकलं म्हणजे पळायचं! काका नमस्काराच्या पोझमध्येच सुटले. वेग वाढला तसे ते घाबरून आणखी वाकले. मी "मागे, मागे!" म्हणून ओरडले, पण नमस्कार अर्धवट सोडायचा कसा, हा पेच त्यांच्या तोंडावर दिसत होता. गाडी पायरीला आपटली आणि काका सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी साष्टांग पडले. सुदैवाने कोपर सोलण्यापलीकडे काही झालं नाही.

काकू मागून शांतपणे आल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं सांगतेय, जरा डोकं टेकून नमस्कार करत जा. आज केलात."

त्या संध्याकाळी मालकांनी नियम काढला. देव आला की सगळ्यांनी खाली उतरायचं, नमस्कार करायचा आणि मग पुन्हा चढायचं.

* * *

कल्याणचा एक ग्रुप आला होता, ऑफिसची पोरं. त्यात एक जण सकाळपासून सगळ्यांना शिकवत होता. "अरे काही नाही रे, बॅलन्सचा गेम आहे." तुटकी आली आणि मध्यावर तो थांबला. थांबला म्हणजे पुतळाच झाला. ना पुढे, ना मागे. दांड्यावरची बोटं पांढरी पडलेली.

मी हळूहळू त्याच्या मागे गेले. त्याने मान न वळवता विचारलं, "मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"सवय झाली, सर," मी म्हटलं.

आम्हाला गुडघ्यांना जाड पॅड देतात. त्यांचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. आतलं काही बाहेर दिसत नाही. त्याचं एक एक बोट सोडवून त्याला चालवत पलीकडे नेलं, आणि परतीच्या वेळी तो म्हणाला, "तुमच्यासारखी हिंमत पाहिजे." घरी जाऊन मी उलटी केली.

* * *

सकूमावशी खालच्या पाड्यावरची. रोज लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन तुटकीवरून येते, अनवाणी. एकदा आमचे सहा पाहुणे अलीकडे रांगेत उभे, हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज, सगळा सरंजाम. समोरून मावशी आली, पोचली आणि आमच्याकडे नीट बघून म्हणाली, "कुठं लढाईला चाललाव का?"

पाहुणे हसले. मलाही बरं वाटलं, ताण जरा उतरला.

मग मावशी मोळी सावरत, काळजीने म्हणाली, "सांभालून जा रे पोरांनो. आमची म्हैस हितूनच गेली. आमी दोन दिस सोधली, मिलाली नाय."

आणि गेली निघून.

सहाच्या सहा पाहुण्यांनी गाड्या जागच्या जागी वळवल्या. एक बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "म्हशीला चार पाय होते." त्या दिवशी टूर तिथेच संपली. मालक चिडले, पण मी मनातून मावशीला दुवा दिला. एक दिवस तरी तुटकी चुकली होती.

* * *

आता तो शेडमध्ये न सांगितलेला.

बाळूदादांच्या भाचीचं लग्न निघालं. मालक म्हणाले, "ज्योती, रविवारची टूर तू एकटी घेऊन जा. पाहू या जमतंय का."

म्हणजे पुढे पाठ नाही. पुढे मीच. आणि "पाहू या" हा शब्द मला चांगलाच समजत होता. जमलं नाही, तर परत वाशिंद.

ठाण्याचे पाच जण होते. गावदेवीपाशी उतरलो, नमस्कार झाला, चढलो. मग तुटकी. मी पुढे होते. समोर वाट, उजवीकडे ते काही नाही. मी पुढे वाकायला गेले आणि अंग वाकेना. मनात हजार वेळा वाकले, पण कंबर जागची हलेना. मागे पाच गाड्या थांबलेल्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं, मॅडम?"

मातीच्या भिंतीला लागून एक काळा दगड होता, घागरीएवढा. दीड वर्ष मी त्याला बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे देव आहे. उतरावं लागतं."

सगळे उतरले. मीही उतरले. जमीन पायाला लागली तेव्हा रडू येईल असं वाटलं.

"गाडीवर चढून जायचं नाही," मी पुढे म्हटलं. एकदा सुरुवात झाली की काय! "गाडी हाताने धरून, चालत न्यायची. भिंतीच्या बाजूने. इथली पद्धत आहे."

पाचही जणांनी दगडाला नमस्कार केला. एका ताईंनी केसातलं फूल काढून वाहिलं आणि विचारलं, "नाव काय देवाचं?"

"तुटकीचा देव," मी म्हटलं.

चालत, भिंतीला खांदा घासत, आम्ही पलीकडे गेलो. येतानाही तसेच आलो. त्या मंडळींनी नेटवर लिहिलं की कड्यावरच्या त्या जागृत स्थानाशी फार शांत वाटलं. मालक खूश झाले. सोमवारी माझ्याकडे स्वतंत्र बॅच आली. पुढच्या आठवड्यात मालकांनी पाटी लावली, 'देवस्थान. कृपया उतरून चालावे.' रोशनने दगडाला शेंदूर लावला. सकूमावशी मोळी उतरवून हात जोडायला लागली. म्हशीची गोष्टही तिने बदलली. आता म्हैस देवाला न विचारता गेली होती. दर शनिवारी बाळूदादा नारळ फोडायला लागले.

लोक खोबरं खायचे, मी माझा तुकडा गुपचूप खिशात टाकायचे. देवाच्या नावाने खोटं बोललेय, याचं काय होणार, ही नवीनच भीती मागे लागली. आधी फक्त कडा होता. आता कडा आणि दगड, दोघांकडेही बघवेना.

शेवटी परवा मी ठरवलं, दादांना सांगून टाकायचं. नोकरी जायची तर जाऊ दे. पाहुण्यांच्या आधी आम्ही दोघंच वाट तपासायला गेलो होतो. तुटकीपाशी दादा उतरले, बूट काढले, दगडापुढे उभे राहिले. मी म्हटलं, "दादा, हा देव किती जुना असेल?"

"लय जुना," दादा म्हणाले. "माझा आजा हितं कोंबडा द्यायचा. मी लहान होतो, त्याच्या खांद्यावर बसून यायचो."

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही दीड वर्ष इथून न उतरता, गाडीवरूनच जात होतात."

दादांनी एक खांदा मातीच्या भिंतीला घट्ट टेकवला. हात जोडलेलेच होते. तुटकीवर मी पहिल्यांदाच त्यांना पाठीऐवजी समोरून बघत होते.

"दादा, ऐका. त्या रविवारी ना, खरं तर मीच..."

"गप," दादा हळूच म्हणाले. त्यांनी दगडाकडे बघितलं, मग उजवीकडे, खाली. "हितं नको बोलू गो. आपल्याला अजून पलीकडं जायाचं हाय."