काकूंची बादली

आज ड्रमर तापानं झोपलेला, म्हणून आम्ही तिघं गॅरेजमध्ये नुसतेच चहा पीत बसलो होतो. समोरच्या गच्चीवर धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन काकू उभ्या. "अरे, वाजवा की! त्याशिवाय हात चालत नाही माझा."

बँड सुरू केला त्या पहिल्या रविवारी याच काकू भांडायला आल्या होत्या. "गाणं आहे की काय हे? संपतं तरी कधी?" ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. फंक रॉक सुचेल तसं वाजवत सुटायचं, एवढंच ठरलेलं. नंतर किती गिटारवाले आले, नोकरीपायी सांगली सोडून गेले. आमच्या ठेक्यावर कपडे वाळत घालायचा काकूंचा रविवार मात्र चुकला नाही. ऐकता ऐकता माणूस त्यातलाच कधी होऊन जातो, त्याचं त्यालाही कळत नाही.

काकूंनी ओली चादर झटकली. फट्! पुन्हा फट्! ठेका पक्का होता. मी बास गिटार उचलली.

बादली अजून काठोकाठ भरलेली होती.