नागावच्या सरांची गाडी

ती गाडी मी अजून विसरलेलो नाही. तशी फार किमती नव्हती, भंगारवाल्यानेही नाक मुरडलं असतं. पण तिच्यापायी एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली.

अलिबागजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात नागावचे एक निवृत्त शिक्षक मुलाला घेऊन आले. मुलगा मुंबईत नोकरीला, सुट्टीसाठी बायकोसह आलेला. सरांची जुनी गाडी रात्री वाडीतून चोरीला गेली होती.

"चावी?" मी विचारलं.

"गाडीतच होती. स्टिअरिंगचं कुलूप जाम झालं होतं हो! चावी फिरतच नव्हती. जी सुरूच होत नाही, ती गाडी कोण नेणार?"

असे फिर्यादी रोज भेटतात. मी फिर्याद लिहायला घेतली.

सरांचा संशय एकाच माणसावर होता. त्यांचाच जुना विद्यार्थी, गावातला ड्रायव्हर. आदल्या दुपारी सरांनीच त्याला कुलूप बघायला बोलावलं होतं. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला होता, "उद्या एक माणूस घेऊन येतो, गाडी जरा मागं ढकलली की चावी फिरंल." सरांचं म्हणणं, ती कशी सुरू होते हे फक्त त्यालाच ठाऊक. त्यात शेजाऱ्याचा फोन आला, की आदल्या दिवशी त्याला स्टिअरिंगशी झटताना आपण पाहिलं. अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल झाला, पण जबाबात संशयित म्हणून त्याचं नाव आलंच.

आणि त्याच आठवड्यात त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर होता. उरणला ट्रेलरवर पक्की नोकरी लागत होती. माझा शेरा वाईट गेला असता, तर ती गेलीच.

त्याला बोलावून बाकावर बसवलं. मारझोड करून खरं बाहेर पडतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. चहा दिला की माणूस जास्त बोलतो. तो मात्र चहालाही हात लावेना.

"साहेब, मी घरी जाऊन जेवलो नि झोपलो. सरांची गाडी मी कशाला नेऊ? त्यांना दवाखान्यात मीच नेतो की!"

दोन दिवसांनी बीटवरच्या हवालदाराने फोन केला. रेवदंड्याच्या एका आडगल्लीत गाडी सापडली होती. मी पंच घेऊन गेलो. गाडीला ओरखडाही नव्हता, चावी सीटखाली होती. पण गाडी जागची हलेना. हवालदार आत वाकला आणि चिडून म्हणाला, "कुठल्या शहाण्याने हँडब्रेक ओढलाय? बसला ना चिकटून!"

मी तिथेच थांबलो. आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ब्रेकची तार गंजून धरते, म्हणून जुन्या गाडीचा हँडब्रेक कोणी ओढत नाही. चाक वळवून दगडाला टेकवतात. सरही तेच करत. त्यांच्या वाडीतल्या उतारावर गाडीचा सगळा भार वळवलेल्या चाकावर आला होता, स्टिअरिंगचं कुलूप त्या ताणाखाली अडकलं होतं आणि म्हणून चावी फिरत नव्हती. गाडी मागे ढकलून ताण काढणारा कोणीही ती फिरवू शकला असता. पण नेऊन ठेवणारा इथल्या सवयीचा नव्हता.

गाडी सापडल्याचं कळून सर मुलाच्या गाडीने ठाण्यात आलेच होते, ड्रायव्हरलाही मी बोलावून बाकावर बसवलं होतं. मी मुलाला म्हटलं, "आमची जीप निघायची आहे, तुमची गाडी जरा बाजूला घ्या." त्याने ती घेतली, उतारावर उभी केली आणि उतरण्याआधी हँडब्रेक करकचून ओढला.

त्याला एकट्याला आत घेतलं. मला फारसं विचारावं लागलं नाही.

"बाबांना नीट दिसत नाही साहेब. मागे एका सायकलवाल्या पोराला उडवता उडवता राहिले. सांगून दमलो, ऐकतच नाहीत. कुलूप अडकलं तेव्हा देव पावला असं वाटलं. आणि हा ड्रायव्हर म्हणतो, उद्या सुरू करून देतो! मी ओट्यावरून ऐकलं. मग मी आणि बायकोने ढकलली आणि नेली."

"आणि बाबांनी याचं नाव घेतलं तेव्हा? शेजारीच बसला होतात ना?"

त्याने मान खाली घातली. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

मी त्याला बाहेर नेऊन सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावलं. सरांचा चेहरा पडला. ते उठून बाकाजवळ गेले आणि विद्यार्थ्यापुढे त्यांनी हात जोडले.

"हात नका जोडू सर," तो म्हणाला. "चोर म्हणून नाव दिलंत ते दिलंत. आधी मला एकदा इचारायचं तरी. मी काय खोटं बोललो असतो तुमच्याशी?"



गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. पडताळणीच्या अर्जावर चांगला शेरा लिहून त्याच दिवशी सही केली. तो उरणला रुजू झाला. सरांनी गाडी चालवणं सोडलं.

तेव्हापासून फिर्याद लिहून घेताना मी फिर्यादीइतकंच त्याच्याशेजारी गप्प बसलेल्या माणसाकडे बघायला लागलो. नोकरीत त्याचा पुष्कळ उपयोग झाला.

अजून कधी बाजारात सर भेटतात. "तो येतो का हो गावात?" असं हळूच विचारतात. येतो, दर सणाला येतो, मलाही भेटून जातो. मी तेवढं सांगतो. त्यांच्या दारावरूनच त्याच्या घराची वाट आहे आणि तो आत वळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.