पुसता न येणारा रंग

नव्या घराला रंग देण्याचं काम चालू आहे. आठवडाभर मी शेडकार्ड हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे आणि आता सगळेच रंग मला सारखे दिसू लागले आहेत. "पांढरा दे लावून आणि मोकळी हो," असं तुमचे आजोबा खुर्चीतूनच म्हणतात.

आज फक्त तुमची खोली उरली होती. रंगारी शंकरभाऊ म्हणाले, "आजी, पोरांची खोली ना? मग धुता येणारा रंग घ्या. हाताचे डाग ओल्या फडक्यानं निघतात. साध्या रंगावरचे नाही निघत."

तुम्हाला ठाऊकच आहे, भिंतीवर एक ठिपका दिसलेला मला खपत नाही. पण तुम्ही दोन-दोन वर्षांनी येता. तुम्ही गेलात की मी घर आवरते, आणि मग तुम्ही येऊन गेलात हे घरात कुठेच दिसत नाही. त्या आवरण्यानं मी फार थकते.

"साधाच लावा," मी म्हटलं.

"अहो आजी, भिंती घाण होतील!"

"होऊ देत," म्हणत मी शेडकार्ड मिटलं आणि तिथेच, पुट्टीच्या धुळीत, खाली बसले.