व्याह्यांचं पावाचं सारण

माझ्या व्याह्यांइतका छळवादी सज्जन पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर त्यानं कृपा करून नाताळात मला फोन करू नये. एक आहेत तेवढे पुरेत. माणूस देवगुणी आहे, हे आधीच कबूल करतो. माझ्या लेकीचा आणि त्यांच्या मुलाचा वाद झाला की हे दटावतात मुलाला, चूक कुणाची हे न विचारता. पण डिसेंबर अर्धा सरला की या देवगुणी माणसाच्या अंगात येतं. सकाळी सातला फोन. "व्याही, झोपला होतात का?" झोपलो होतो, पण आता सांगून काय उपयोग! "कांदे बघून ठेवा. चाकणचेच. मध्यम. मागच्या वर्षीसारखे ओले नकोत." अहो, आम्ही चाकणशेजारच्या महाळुंग्याचे. आमच्या बापजाद्यांनी कांदा पिकवला, कंपनीत चिकटायच्या आधी मीही पिकवला, आणि हा पिंपरीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा माणूस मला कांदा शिकवणार.

ते ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. त्यांची आई एका मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. तिथल्या मडमेकडून ती एकच पदार्थ शिकून आली: कोंबडीच्या पोटात भरायचं पावाचं सारण. वाळवलेला पाव, कांदा, लोणी, मिरपूड आणि वासाचा पाला. मडमेच्या देशातला पाला इकडे उगवेना, म्हणून आईनं परसातला पानओवा चिरून घातला, आणि त्यांच्या घरात तोच कायदा झाला. आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तिचा धड एक फोटोसुद्धा नाही. नाताळच्या जेवणातलं हे सारण तेवढं उरलंय, आणि ते माझ्या लेकीच्या हाती सोपवायचं, मगच डोळे मिटायचे, असं व्याह्यांनी मनाशी घेतलंय.

आता सोपवायचं तर सोपवावं ना सरळ! पण चौतीस वर्षं कंपनीत तपासणी खात्यात काढलेला माणूस. "अंदाज म्हणजे चुकायची सवय," असं हे सुनेला सांगतात. नाताळच्या तीन दिवस आधी कॅम्पातल्या बेकरीतून लादीपाव आणायचा आणि त्याचे चौकोनी तुकडे करायचे. ते तुकडे मोजायला कपाटातून कंपनीतला व्हर्नियर निघतो, केसाएवढा फरक दाखवणारा. पाव मोजतात हो, व्हर्नियरनं! लहानमोठा निघालेला तुकडा बाजूला, तो विहीणबाईंनी चहात बुडवून खायचा. मग गच्चीवर जुनी चादर पसरून पाव उन्हात, आणि हाताशी छत्री घेऊन हे पहाऱ्यावर. सोसायटीतल्या बायका कुरडया घालायला येतात त्या जागेवर डिसेंबरात हा गृहस्थ कबुतरांशी भांडत बसलेला असतो. एका वर्षी मी पिशवीभर कांदे घेऊन तीन जिने चढलो, तर त्यांनी त्यातले निम्मे परत केले. नुसते परत नाही, पिशवीला लाल कागद बांधून, त्यावर 'नापास' लिहून, खाली सही करून. ती पिशवी घेऊन मी सिटी बसमधून महाळुंग्याला आलो. शेजारचा प्रवासी विचारत होता, "काका, कांद्याची पण परीक्षा असते का?" काय सांगणार कपाळ!

या सगळ्यात मी अडकलो तो माझ्याच जिभेमुळं. पोरांनी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या भावकीत जे व्हायचं ते झालं, आणि वर्षभर दोन घरांत बोलणं नव्हतं. मग नाताळच्या सकाळी हे स्वतः स्कूटरवर आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "जेवायला चला. नाही आलात तर मी इथंच बसतो." माझी बायको आतून म्हणाली, "खरंच बसत्याल व्हय?" खरंच बसले. गेलो मग. कोंबडी आली, तिच्या पोटातलं ते सारण माझ्या ताटात पडलं, मी घास घेतला आणि मनापासून दाद दिली, "वा! फोडणीचा पाव काय फक्कड झालाय!" फोडणीचा पाव म्हणजे आमच्याकडं शिळ्या पावाची विल्हेवाट. बायकोनं टेबलाखाली माझा पाय असा चेचला की मोज्यात रक्त आलं असेल. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. "तीन दिवस खपलोय मी," एवढंच बोलले. आणि मला आणखी वाढत म्हणाले, "पण तुम्ही मनातलं बोललात. बाकीचे बारा वर्षं नुसतं छान छान करतायत." झालं! त्या दिवसापासून कोंबडी भरायच्या आधी चव बघायचा मान माझ्याकडे आला. मीठ कमी का जास्त, पाला किती, मी सांगायचं. मी पास म्हटल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही.

मग ती साथ आली. व्याही दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले. बाकी सगळं सुधारलं. नाकाचा वास आणि जिभेची चव मात्र गेली ती गेलीच. ते कुणापाशी बोलले नाहीत. विहीणबाईंनीच माझ्या बायकोच्या कानावर घातलं, की दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेजारी पेपर वाचत बसतात. त्या वर्षीच्या सारणात पानओवा इतका, की नाताळ आहे का खोकल्याचा काढा आहे ते कळेना. पुढच्या वर्षी मीठ दोनदा पडलं. चमचा माझ्या हातात, व्याही समोर, आणि बायकोनं आदल्या रात्रीच बजावलेलं, "काय बी बोलू नगा. मोडून पडत्याल ते." मी म्हणालो, "पास." खरं बोलतो म्हणून नेमलेला माणूस मी, आणि ओळीनं तीन नाताळ धडधडीत खोटं बोललो. वर तांब्याभर पाणी पिऊन ते सारण संपवलंही. मला माझी लाज वाटायची, आणि त्यांचा राग यायचा, की का मला या खुर्चीत बसवलंत?

गेल्या नाताळात माझी लेक वही-पेन घेऊन ओट्याशी उभी होती. लिहून घ्यायची परवानगी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. व्याह्यांनी कढईतून चमचाभर सारण काढून माझ्यापुढे धरलं. मी तोंडात घातलं. ठार अळणी. मिठाचा कण नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणालो, "मस्त. मीठ अगदी बरोबर."

"बरोबर?"

"अगदी."

त्यांनी गॅस बंद केला. "व्याही," ते म्हणाले, "आम्ही कंपनीत तपासणाऱ्याचीही तपासणी करायचो. चांगल्या मालात मुद्दाम एक खराब नग मिसळून द्यायचा, बघू पकडतो का. आज मी मीठ घातलंच नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तीन वर्षं." त्यांनी मान हलवली. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मला काही लागत नाही, हे मला ठाऊक आहे हो. पण आईचं किती बिघडवलंय, हे सांगायला तुमच्याशिवाय होतं कोण मला?"

मी म्हणालो, "चुकलो." मग त्यांनी सुनेच्या हातातली वही काढून फ्रिजवर ठेवली आणि पळी तिच्या हातात दिली. "तू घाल. व्याही चाखतील. मी आठवून सांगतो." आणि डोळे मिटून ते सांगायला लागले: आधी लोणी लागायचं, मग कांद्याची गोडी, घास गिळताना ओवा नाकात चढायचा, मीठ सगळ्यात शेवटी, कळेल न कळेल असं. लेक चिमटीनं घालत होती, मी चाखून सांगत होतो, "अजून नाही. अजून नाही." दीड तास कोंबडी तशीच ताटकळली. चार वाजता माझ्या नाकात ओवा चढला, आणि मागून मीठ आलं. मी म्हणालो, "आलं." व्याह्यांनी कोंबडी भरली. तिचं पोट शिवायच्या गोधडीच्या सुईत दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागला.

जेवताना त्यांनी सारण दोनदा मागून घेतलं. सावकाश खात होते. मधेच मला कोपरानं ढोसून हळूच विचारलं, "मी म्हटलं तसंच झालंय ना?"

"तसंच झालंय," मी म्हणालो.

तसंच झालं होतं. खरं बोलत होतो मी. पण ते त्यांना आता कळणार कसं?