माळवदावरची माती

माझ्या अंगाखालून दोन मोठे भूकंप गेले. बारीकसारीक मी धरत नाही. माझं माहेर अकोल्याकडचं, प्रवरेच्या वरच्या अंगाच्या डोंगरातलं. तिकडे अधूनमधून जमीन हलते. भांडी वाजली की बाया आधी मांजराला शिव्या देतात, मग मांजर कुठे आहे ते बघतात.

पहिला कोयनेचा. तेव्हा मी तिसरीत होते. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून शाळेतलं सगळं मला नीट आठवतं, आठवायला फार नाहीच. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं, वर गवत. पहाटे ते घर करकरलं, झुललं आणि पुन्हा उभं राहिलं. मडक्यांची उतरंड तेवढी कोसळली. आई मडक्यांसाठी रडली. एवढाच आमचा भूकंप.

सासर मिळालं जामखेडच्या बाजूला. तिकडची माणसं ऊस तोडायला प्रवरेच्या काठाला यायची. माझे वडीलही एक हंगाम तिथे गेले आणि तळावरच जावई ठरवून आले. मालक त्यांना का आवडले, तर भाकरी खाताना बोलत नव्हते. घरी आल्यावर बोलायला लागले.

सासरचं घर माळवदाचं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, पाला, आणि त्यावर पांढरी माती. जुन्या गावठाणाच्या टेकाडातून ती माती आणायची आणि दरवर्षी पावसाळ्याआधी नवा थर टाकून चोपायची. पाणी गळत नाही, उन्हाळ्यात आत गारवा राहतो. जुना थर मात्र कुणी काढायचा नाही. बापाने टाकलेली माती पोराने कशी काढायची? त्या गावात कुणाच्याच माळवदावरून माती खाली आलेली मी पाहिली नव्हती. फक्त वर जायची.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी पाट्या घेऊन शिडी चढले. धूर जायला छताला एक भोक होतं. त्यात हात घातला तर माती कोपरापर्यंत लागली. मी मालकांना म्हणाले, "लई वजन झालंय वर."

"तुमच्याकडं घरं न्हाईत, टोपल्या हायेत," ते म्हणाले. "तुला काय कळतंय माळवदातलं?"

"टोपली डोक्यात पडली तर मानूस मरत न्हाई."

त्यावर ते हसले आणि मला आणखी एक पाटी भरून दिली. मग दरवर्षी मी भोकात हात घालून बघायची आणि ते विचारायचे, "कुठवर आलं, डोंगरीनबाई?" वीसेक वर्षांत माती माझ्या खांद्यापर्यंत आली.

दुसरा भूकंप किल्लारीचा. गणपती बुडवून लोक झोपले होते. आमच्याकडे भिंतीला दाराच्या वर तडा गेला आणि मधली तुळई खाली वाकली. गावात कुणी दगावलं नाही. सकाळी मी चूल उचलून लिंबाखाली नेली आणि पोरांची अंथरुणं खळ्यात टाकली. सगळ्या गावाने तेच केलं. आमचे मालक मात्र आत.

गावातून टेम्पो भरून भाकरी किल्लारीकडे निघाल्या. त्यात मालक गेले. दोन दिवसांनी आले, हातपाय धुतले. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आपल्यासारखीच माळवदं हुती." मग दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "पन त्यांची दगडं गोल हुती. आपली घडीव हायेत."

मला त्या दगडांचा राग आला. डोळ्यांनी सगळं पाहून आलेला माणूस दगडाचा आकार सांगतो. मी म्हणाले, माती काढा, वर पत्रे टाका. ते म्हणाले, आज्याची माती आहे. मी म्हणाले, आज्या गेला, तुम्ही राहा. ते उठून आत गेले.

रोज जेवायला तेवढे बाहेर यायचे. दुपार झाली की आत जाऊन तुळईखाली पडायचे, कारण तिथे गार. मी बाहेर बसून त्यांच्या घोरण्याकडे कान लावायची. घोरणं थांबलं की माझा जीव जायचा. असे पंधरा दिवस काढले. एवढे दिवस मी कधी कुणाची वाट पाहिली नव्हती, आणि माणूस तर दहा पावलांवर होता.

मग एका दुपारी मी घोंगडी घेतली, आत गेले आणि त्यांच्या शेजारी, बरोबर वाकलेल्या तुळईखाली पसरून आडवी झाले.

"इथं काय?" ते म्हणाले.

"झोपते. बाहेर ऊन लई हाय."

"पोरं बाहेर हायेत."

"असू द्या. घडीव दगडं हायेत ना?"

"अगं, बाहेर जा."

"तुमचा भरवसा हाय, मग माझाबी हाय."

मी डोळे मिटले. मला झोप येणार नव्हती. थोड्या वेळाने वरून चिमूटभर माती माझ्या ओठांवर पडली. जमीन हलली की उंदीर पळाला, देव जाणे. मी ती पुसली नाही. मालक उठून बसले. माझ्या तोंडाकडे बघितलं, वर बघितलं. मग माझं मनगट धरून मला असं ओढलं की बांगडी फुटली. लिंबाखाली आणून सोडलं आणि म्हणाले, "येडी हायेस का गं तू?"

"तुमच्यापेक्षा कमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. स्वतःच.

माती काढायला आठ दिवस गेले. मला वाटलं होतं, शिव्या देत काढतील. पण ते प्रत्येक थराला थांबायचे. हा काळसर, त्या दुष्काळात तळं कोरडं पडलं म्हणून तिथून आणलेला. यात गवताची मुळं, त्या साली पाऊस लवकर आला. आणि एक थर नीट चोपलेला नव्हता, मऊ लागला. तो बघून म्हणाले, "ही तुझ्या पहिल्या सालची. हातानं चोपण्यापेक्षा तोंडच जास्त चालवत हुतीस." कुठला थर कुठल्या सालचा, हे त्यांना अंदाजाने सांगता येत असेल, पण मी खरं धरलं. सगळी माती गाडीने शेतात टाकली. तिथे पुढच्या साली ज्वारी डोक्याच्या वर गेली.

भिंती उतरवून बुटक्या केल्या, वर पत्रे घातले. तेव्हापासून आजपर्यंत मालक कुरकुरतात. उन्हाळ्यात म्हणतात, भट्टीत बसवलं. पावसात म्हणतात, ताशा ऐकत जेवायचं. मी त्यांना म्हणते, कुरकुरायला माणूस शाबूत आहे, ते बघा. आता ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, तरी कुरकुर तेवढीच.

एक खोड मात्र गेली नाही. वैशाख लागला की टेकाडाकडे जातात आणि पाटीभर पांढरी माती घेऊन येतात. घराला माळवद नाही, म्हणून गोठ्याच्या कडेला कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतात, लाकडाने चोपतात आणि लांबून बघत बसतात. खुराडं पत्र्याच्या डब्याएवढं, त्याला कसलं गळणं?

मी नाही म्हणत नाही. पण आधी खुरपं घेते, गेल्या वर्षीचा थर पूर्ण खरडून काढते, मग म्हणते, "टाका आता."

"कोंबडीच्या घराला काय हुतंय?" ते म्हणतात.

"कोंबडीला जीव न्हाई व्हय?" मी म्हणते, आणि पाटीला हात लावते. एकट्याने उचलवत नाही आता त्यांना.