पश्चिमेची भिंत

घर बदलायची हौस माझी होती, हे आधीच सांगून टाकते. घरात कोणी मला ते तोंडावर बोललं नाही, म्हणून मलाच सांगावं लागतंय.

माझं माहेर सोमाटण्याकडचं. तिथे पाऊस येतो आणि जातो. लग्न होऊन कुसगावात आले, तर तो मुक्कामालाच. धुतलेली साडी चार-चार दिवस वाळायची नाही, गाद्यांना वास, चपलांना बुरशी. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते तीन खोल्यांचं घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. त्याची पश्चिमेची भिंत सगळा मारा झेलायची. दर मे महिन्यात आबा तिला वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांधायचे. ते शिडीवर आणि दोरी ओढायला खाली मी. "वड, आजून वड. सैल राह्यली तर वारं फाडून नेतंय." बावीस वर्षं मी ती दोरी ओढली आणि बावीस वर्षं मनातल्या मनात चरफडले.

त्यामुळे बिल्डरचा माणूस दारात आला तेव्हा मला तो देवच वाटला. जुनं घर जागेसकट आम्हाला द्या, सोमाटण्याजवळ आमच्या नव्या स्कीममध्ये रो-हाउस घ्या, वरचा थोडा फरक तेवढा भरा. घराला घर. नवरा हॉटेलात कामाला. आम्हाला नवं घर दुसरं कोण देणार होतं? मीच सगळ्यांच्या मागे लागले.

त्यांचा इंजिनीअर घर बघायला येणार म्हणून मी चार दिवस खपून भिंती रंगवल्या. पावसाळा सरत आला होता. भिंत नीट दिसावी म्हणून आबांनी ताडपत्री थोडी लवकरच उतरवली. इंजिनीअरने घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. बाहेरून जागा मोजली आणि कागदावर बांधकामापुढे शून्य लिहिलं.

"घराचं काईच न्हाई?" आबांनी विचारलं.

"काका, ते पाडायचंच आहे ना."

मग आबांनी एकच मागणं घातलं. "मला खालची खोली पायजे. दार उघडलं का पाय जमिनीवं पडला पायजे. मरायचं तर आपल्या घरात." तो म्हणाला, देऊ की. मीही घाईघाईने म्हणाले, "आबा, तिथे ताडपत्रीची कटकट नाही." ते हसले नाहीत. सही मात्र केली.

घर पाडायला अर्धा दिवस लागला. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोल्यांत गेलो, वर्षभराचा तर प्रश्न होता. आबांनी ताडपत्री बरोबर आणली आणि खाटेखाली सारली.

मे आला. या खोलीचीही एक भिंत पश्चिमेला, आणि आबांची खाट नेमकी तिला लागून. मी म्हटलं, आबा, ताडपत्री बांधू या. ते माझ्यावरच खेकसले. "भाड्याच्या घराला कोण बांधतंय? आपुन हितं पावनं हाय. नव्या घराला लागंल ती."

"तिथे एवढा पाऊस नसतो, आबा."

"आसू दे."

त्या पावसाळ्यात भिंत आतून पाझरली. आबांना खोकला लागला तो दिवाळीपर्यंत हटला नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ताडपत्री खाटेखाली कोरडी आणि आम्ही ओले.

नवं घर जोत्यापर्यंत आलं आणि थांबलं. रविवारी आम्ही बघायला जायचो. विटांच्या एका ओळीने आखलेल्या चौकोनात आबा उभे राहायचे. "हितं खाट. हितं खिडकी." पुढे त्या चौकोनात गवत माजलं, मग रुईची झुडपं आली. ऑफिसला कुलूप, फोन बंद, वकील म्हणतात बघू. आमच्या जुन्या जागेवर मात्र दुसऱ्याच कोणाचा बंगला उभा राहिलाय, शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्याने देतात. मी बिल्डरला शिव्या घातल्या, नवऱ्याला बोलले, नशिबाला बोल लावला. स्वतःला तेवढं वगळलं.

या मे महिन्यात एका सकाळी आबांनी ताडपत्री बाहेर ओढली. गल्लीत उन्हात पसरली, विरलेल्या जागा दाभणाने शिवल्या. मग काठी टेकत घरमालकाकडे गेले.

"मालक, भिंतीला चार खिळं ठोकू का?"

"ठोका की, आबा. विचारता काय?"

आता ते शिडी चढू शकत नाहीत. मी चढले आणि त्यांनी शिडी धरली. वरूनच मी विचारलं, "नव्या घराला लागणार होती ना?" तीन वर्षं मला त्यांच्या त्या हट्टाचा राग यायचा. तो हट्ट होता तोवरच ते घर होणार होतं, हे मला शिडीवर उभी असताना कळलं.

त्यांनी खिळा वर दिला. वरच्या कडेची दोरी मी खिळ्याला गुंडाळली, तसे खालून म्हणाले, "घट्ट वड, पोरी. तुमाला लय पावसाळं काढायचेत हितं."

स्वतःला त्यांनी त्यात धरलं नव्हतं. मी दोरी ओढली.