दिराशेजारची जागा

“नवऱ्याच्या आजारपणात फिरकला नाही, थेट मातीला आला. तो आत असेपर्यंत मी प्रभुभोजन घेणार नाही,” रूथमावशी चर्चच्या दारात ओरडत होती. आवाज असा, की शेजारच्या गावातल्या म्हशी आटल्या असतील. तिचा दीर आत मान खाली घालून बसला होता. आमच्याकडे रुसवा मिटवल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर घेत नाहीत. पाळकसाहेब भाकर धरून थांबले. म्हटलं, आता जगबुडीपर्यंत असेच उभे राहणार.

मावशी अचानक आत येऊन दिराशेजारी बसली. दोघांनी भाकर घेतली. क्षमा करताना मनात वीज कडाडत असेल, अशी माझी समजूत. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

बाहेर विचारलं, “मावशी, केलंस माफ?”

“माहीत नाही. तिथे जागा होती, बसले.”